ती मान आणि तो मान

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ७ (काही प्रतींत हाच श्लोक आठवा येतो)



तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत शरीराला ‘क्षेत्र’ म्हणतात. क्षेत्र म्हणजे शेत. शेत आपलं असतं, पण आपण म्हणजे शेत नव्हे. मग शेताला जाणणारा कोण ते येतं. आणि सातव्या श्लोकापासून ज्ञानाची लक्षणं सुरू होतात. पाच श्लोकांत मिळून ती साधारण वीस भरतात.

एवढी मोठी यादी दिसली की आपण आधी पहिल्या नंबरवर काय आहे ते बघतो. ध्यान असेल, वैराग्य असेल, शास्त्राचा अभ्यास असेल असं वाटतं. पण पहिला शब्द आहे ‘अमानित्व’. मानाची अपेक्षा नसणं, आपण कुणीतरी मोठे आहोत असं मनात धरून न बसणं. त्याच श्लोकात थोडं पुढे ‘स्थैर्य’ आहे. आणि लगेच पुढच्या श्लोकात जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि व्याधी यांतलं दुःख नीट डोळे उघडून बघायला सांगितलंय.

हे श्लोक मी कॉलेजपासून वाचतोय. या वर्षी ते मानेच्या ऑपरेशननंतर पलंगावर पडून, मोबाइल डोळ्यांसमोर उंच धरून वाचले. तेव्हा ‘अमानित्व’ या शब्दातला ‘मान’ मराठी कानाला वेगळाच ऐकू आला. आजचं चिंतन त्यावरच आहे.

आपल्या मराठीत ‘ती मान’ म्हणजे गळ्याचा मागचा भाग आणि ‘तो मान’ म्हणजे सन्मान. दोन्ही शब्दांची कुळं वेगळी आहेत. गळ्याची मान संस्कृत ‘मन्या’वरून आली, म्हणून आयुर्वेदात मान आखडण्याला ‘मन्यास्तंभ’ म्हणतात. सन्मानाचा मान आला तो गीतेतल्या ‘माना’वरून. पण आपल्या बोलण्यात दोघांची गाठ पक्की बसलीये. मान ताठ ठेवायची, मान खाली घालायला लावायची नाही, कुणापुढे मान तुकवायची नाही. म्हणजे तो मान राहतो कुठे, तर या मानेतच.

आता ही ‘ती मान’ आहे तरी कशी, ते आधी बघू.

मानेत सात मणके असतात. जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही सातच. आपलं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं, आणि ते दिवसभर या सात मणक्यांवर तोललेलं असतं. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. वयानं किंवा झिजेनं ती गादी बाहेर सरकते, किंवा झिजलेल्या जागेला आधार द्यायला शरीर हाडाची थोडी वाढ करतं, आणि त्यामुळे बाजूनं जाणारी नस दबते. माझ्याकडे हा प्रकार पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मध्ये होता. मुंग्या यायच्या त्या डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि त्याच्या शेजारच्या बोटात. दुखणं मानेत आणि कळ बोटात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला सर्व्हरच आठवला. एरर एका स्क्रीनवर दिसते आणि बिघाड भलतीकडेच असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांतले निम्मे जण आत्ता लॅपटॉपपुढे मान वाकवून बसलेत. मान दुखणाऱ्या बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. औषधं, व्यायाम आणि वेळ यांनीच बरं वाटतं. पण हाताची ताकद कमी व्हायला लागली, शर्टाची बटणं लावताना बोटं चुकायला लागली, चालताना तोल जायला लागला, तर तो विषय नामस्मरणावर सोडायचा नाही. डॉक्टरांकडे जायचं. माझ्या बाबतीत आधी औषधं आणि फिजिओथेरपी रीतसर झाली. तरी हाताचा जोर उतरत चालला, तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं.

हे ऑपरेशन बहुतेक वेळा पुढून करतात, हे ऐकून घरचे सगळे चकित झाले होते. गळ्यावर छोटा छेद घेतात, श्वासनलिका आणि अन्ननलिका हळूच बाजूला सारतात, सरकलेली गादी आणि दाबणारं हाड काढतात. तिथे आधाराचा तुकडा बसवतात आणि पुष्कळदा पट्टी आणि स्क्रू लावतात. मग ते दोन मणके काही महिन्यांत एकमेकांशी जुळून एकजीव होतात. मानेला हा छेद पुढून घेण्याची पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेत रुळली. म्हणजे माझ्या आजोबांना तरुणपणी हेच दुखणं झालं असतं, तर त्यांच्या गावात या उपायाची कुणाला कल्पनाही नसती. ज्ञान कुठून कुठे येतं आणि कुणाच्या गळ्याशी येऊन उभं राहतं, याचा विचार केला तरी हात जोडावेसे वाटतात.

आणि दुखण्याला पद कळत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या मानेच्या मणक्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. ते १० तारखेला दाखल झाले, १२ ला शस्त्रक्रिया झाली आणि २ डिसेंबरला घरी परतले. राजकारण इथे बाजूला ठेवू. दाखल होताना त्यांनी जे निवेदन केलं, त्यात कोरोनाशी लढताना मान वर करायलाही वेळ मिळाला नाही, त्यामुळे मानेकडे दुर्लक्ष झालं, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. मला ते लक्षात राहिलं. राज्यातलं सगळ्यात मोठं पद, पण गळ्याला पट्टा लागला की तिथेही उठायचं कसं आणि बसायचं कसं हे दुसऱ्यालाच विचारावं लागतं. तो मान कितीही मोठा असो, ती मान सगळ्यांची सारखीच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे पट्टा असतो. पलंगावरून सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग कोपराचा रेटा देऊन उठायचं. गिळताना घसा दुखतो, आवाज बसतो. जड काही उचलायचं नाही. माझे केस बाबांनी धुतले. बाबांनी आयुष्यात कधी कुणाचे केस धुतले असतील असं मला वाटत नाही. पाणी किती ऊन हवं ते त्यांनी तीनदा विचारलं. शर्ट बायको चढवायची. भात मऊ करून आई वाढायची. तालमीच्या कट्ट्यावरचा एक मित्र रोज संध्याकाळी येऊन विचारायचा, “भावा, काय आणू? आमी हाय न्हवं.”

अशा वेळी आपल्या पिढीच्या तोंडात एक वाक्य तयार असतं : “मला कुणावर ओझं व्हायचं नाहीये.” मी ते हॉस्पिटलात किमान चार जणांकडून ऐकलं. ऐकायला ते फार सात्त्विक वाटतं. त्यात समोरच्याची काळजी आहे, स्वतःसाठी काही मागणं नाही. आपण त्याला नम्रता समजतो.

प्रश्न असा आहे : ही खरंच नम्रता आहे का? की हा ‘तो मान’ आहे, जो नम्रतेचे कपडे घालून आलाय?

याचं उत्तर शोधताना मला माउलींच्या गळ्याची गोष्ट आठवली. वारकरी घरांत ती सगळ्यांना माहीत असते. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९६ ला, आळंदीत समाधी घेतली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी पैठणच्या एकनाथ महाराजांना स्वप्नात दृष्टांत झाला. माउलींनी सांगितलं, की अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागलीये, तू आळंदीला येऊन ती काढ. नाथ आळंदीला गेले, समाधीपर्यंत पोचले आणि त्यांनी ती मुळी दूर केली. तो अजानवृक्ष आजही आळंदीच्या मंदिरात आहे, त्याच्या सावलीत बसून लोक पारायण करतात.

ही गोष्ट मी लहानपणी चमत्कार म्हणून ऐकली. आता तिच्यातली दुसरीच बाजू दिसते. संतपरंपरा ज्यांच्याबद्दल सांगते की त्यांनी भिंत चालवली, रेड्याच्या मुखातून वेद वदवले, त्यांना एक मुळी बाजूला करणं अवघड होतं का? त्यांनी ती स्वतः काढली नाही. सहनही करत बसले नाहीत. देह तर कधीच सोडलाय, आता गळ्याला काय लागतंय त्याचं काय, असंही म्हणाले नाहीत. त्यांनी दुसऱ्याला बोलावलं, आणि काय दुखतंय ते नेमकं सांगितलं.

मला वाटतं, अमानित्व ते हेच. अमानी माणसाला मोठेपणा मिळाला तर तो घुसमटतो, असं माउली तेराव्या अध्यायावर बोलताना विस्तारानं सांगतात. आपण त्याचा अर्थ एवढाच घेतो, की हार-तुरे नकोत, नाव नको. पण ज्याला मोठेपणा नको असतो, त्याला ‘मी कुणाच्याही मदतीशिवाय उभा आहे’ हा मोठेपणाही नको असतो. हा शेवटचा मोठेपणा सोडायला फार जड जातो, कारण तो चांगल्या माणसांकडेच असतो. जो सतत दुसऱ्यांना देतो, सेवा करतो, रात्री दोनला कुणाचा फोन आला तरी उचलतो, त्याच्याच आत हा मान लपलेला असतो. देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो आणि त्याला त्या उंचीची सवय होते.

मुळीच्या गोष्टीत आणखी एक बारकावा आहे. मुळी ज्या झाडाची होती ते झाड वाईट नव्हतं, माउलींच्याच समाधीजवळचं पवित्र झाड होतं. तरी मुळी वाढत वाढत गळ्याला लागली. माझ्या मानेतली हाडाची वाढही शरीरानं वैर म्हणून केली नव्हती. झिजलेल्या जागेला आधार द्यायला गेलं, आणि तोच आधार नसेवर दाब झाला. स्वावलंबनाचंही असंच होतं. लहानपणी कष्टातून वर येताना ते आपल्याला सावरतं. ‘कुणापुढे हात पसरायचा नाही’ या एका वाक्यावर आपल्या आईवडिलांच्या पिढीनं घरं उभी केली, आणि त्या वाक्याबद्दल मला आदरच आहे. पण तेच वाढत जाऊन एक दिवस जवळच्या माणसांच्या प्रेमाची नस दाबायला लागतं. बाप विचारतोय पाणी ऊन आहे का, आणि पोरगा म्हणतोय राहू दे, मीच बघतो. यात बापाला काय मिळालं?

नाथांनी पुढे काय केलं तेही बघा. आळंदीहून परतल्यावर त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा केल्या. तीनशे वर्षांत नकलांमध्ये चुका आणि अपपाठ शिरले होते. नाथांनी ते शोधून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि यात आपली ओवी कुणी घुसवू नये, असंही बजावून ठेवलं. स्वतः एवढे मोठे कवी, पण माउलींच्या ग्रंथात हात घातला तो फक्त जे दाबतंय ते काढण्यापुरता. चांगला सर्जनही तेच करतो. नसेला मोकळी करायची, बाकी काही छेडायचं नाही. मदत करणाऱ्यासाठी अमानित्वाचा हा नमुना आहे. मदतीच्या निमित्तानं समोरच्याच्या आयुष्यात आपली ओवी घुसवायची नाही. ‘मी तेव्हाच सांगत होतो’ ही अशीच एक घुसवलेली ओवी असते.

मदत घेण्याची लाज आपल्याला वाटते, पण आपल्या परंपरेला ती कधी वाटलेली नाही. नेवाशाला जो पैसाचा खांब आहे, त्याला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात, आणि ती लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. म्हणजे मराठीतला सगळ्यात मोठा ग्रंथ उभा राहिला तो पाठीला एक खांब आणि शेजारी एक लेखनिक यांच्या आधारानं. आपल्या कोल्हापुरात २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी अंबाबाईच्या मूर्तीचं रासायनिक संवर्धन केलं. त्या दिवसांत मूळ मूर्तीचं दर्शन बंद होतं, लोक कलशाचं आणि उत्सवमूर्तीचं दर्शन घेत होते. आईच्या मूर्तीवर कुणीतरी उपचार करतंय, म्हणून तिचं आईपण कमी झालं असं एकाही भक्ताला वाटलं नाही. पुन्हा दर्शन सुरू झालं तेव्हा रांग तेवढीच मोठी होती.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी एक साधी गोष्ट. आपल्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक फाइल असते, तिच्यात आपला कोड कुणाकुणाच्या कोडवर उभा आहे त्याची यादी असते. तिला आपण डिपेंडन्सीची यादीच म्हणतो. ती कुणी लपवत नाही. उलट ती नीट लिहिलेली नसेल तर तो प्रोजेक्ट दुसऱ्या मशिनवर चालतच नाही. जगातला कुठलाही मोठा प्रोग्रॅम एकट्यानं उभा नाही आणि त्याला त्याची लाजही नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण ही यादी रिकामी दाखवायला धडपडतो.

आता दोन शंका. त्या टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही.

पहिली शंका : मग आजाऱ्यानं सगळं दुसऱ्यांवर टाकून निवांत पडायचं का? तर नाही. त्याच श्लोकात स्थैर्यही आहे आणि स्वतःवरचा ताबाही आहे. सहाव्या अध्यायाच्या तेराव्या श्लोकात भगवंत धड, डोकं आणि मान एका रेषेत स्थिर धरायला सांगतात. पट्टा लावल्यावर मान आपोआप सरळ राहते, पण त्याला स्थैर्य म्हणत नाहीत, ते बंधन झालं. पट्टा निघाल्यावर जे काम सुरू होतं ते आपलं असतं. फिजिओथेरपिस्टनं सांगितलेले व्यायाम रोज त्याच वेळी करायचे, ते इतके बारीक असतात की बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हा नुसता बसलाय. चालायचं, पण बेतानं. आणि तंबाखू-सिगारेट बंद, कारण त्यानं हाड जुळायला अडथळा येतो. हे शेवटचं आमच्या भागात मुद्दाम सांगावं लागतं. जी कामं फक्त आजारीच करू शकतो, ती त्यानं मन लावून करायची. बाकीची दुसऱ्यांना करू द्यायची. ताठरपणा, बंधन आणि स्थैर्य या तिन्हींत मान सरळच दिसते. फरक आतून असतो.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. अमानित्वाचा हा उपदेश कुणाला करायचा? ज्यांना मान मिळालाच नाही, त्यांना मान सोडा म्हणून सांगण्यात काय अर्थ? आपल्या घरांत जिला आयुष्यभर फक्त देण्याचीच भूमिका दिलीये ती बहुतेक वेळा आई असते, आजी असते, बायको असते. तिचीही मान दुखते. ओट्यापाशी वाकून, कपडे पिळून, जड घागरी उचलून तिचेही मणके झिजतात. ती म्हणते, “मला काय धाड भरलीये!” आणि आपण तिच्या या वाक्याला त्याग म्हणून मोकळे होतो. तिच्या आणि माझ्या ‘ओझं नको’ यात फरक आहे. माझ्या न मागण्यात मान असू शकतो. तिच्या न मागण्यात अनेकदा अनुभव असतो, की मागून कुणी दिलं नाही. तसंच ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचं. त्यानं मदत मागितली तर लोक तिला भीक समजतात. अशा माणसाला अमानित्वावर प्रवचन द्यायचं नसतं. त्याच्याकडे न बोलावता जायचं असतं. नाथांना निदान स्वप्न तरी पडलं. आपल्याला तेवढंही लागू नये, कारण ही माणसं आपल्या घरात डोळ्यांसमोर आहेत.

माझ्या शेजारच्या पलंगावर सत्तरीचे एक आजोबा होते. जुने पैलवान, नंतर तालमीत वस्ताद. खांदे अजूनही रुंद होते, पण मानेत मज्जारज्जू दबल्यामुळे हातातला घास पडायला लागला होता, म्हणून त्यांचंही ऑपरेशन झालं होतं. पहिल्या दिवशी त्यांना उठवायला एक सिस्टर आली, जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची. तिनं एक हात त्यांच्या मानेमागे आणि एक खांद्याखाली घातला. मला वाटलं, आता हे नको म्हणणार. ते हसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “जल्मभर दुसऱ्याच्या मानंवर हात टाकला. आता ही लेक माझी मान धरून उठवतीया. आखाड्याचा न्यायच हाय की ह्यो.” मग तिला म्हणाले, “धर बाळ, घट्ट धर. मी लई जड हाय.”

त्या वाक्यात लाज नव्हती आणि हुकूमही नव्हता. आपण जड आहोत हे त्यांनी सांगून टाकलं, म्हणजे तिला सोपं जावं. कुस्तीच्या आधी पैलवान लाल मातीला हात लावून कपाळाला लावतो, ते आपण खासबागेत कितीदा बघितलंय. ज्याची मान सगळ्यात मजबूत, तो आधी वाकतो. त्या आजोबांना त्या दिवशी मान वाकवता येत नव्हती, पण वाकणं काय असतं ते त्यांना ठाऊक होतं.

डॉक्टरांकडून कळलेली एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. माझे पाचवा आणि सहावा मणका आता एकत्र जुळलेत, त्यांच्यातली हालचाल कायमची गेली. पण ‘हो’ म्हणताना मान हलते ती मुख्यतः डोकं आणि पहिला मणका यांच्या सांध्यात. ‘नाही’ म्हणताना मान फिरते, त्यातलं जवळजवळ निम्मं फिरणं पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामधलं असतं. ते दोन्ही सांधे वर आहेत, त्यांना हातही लागलेला नाही. म्हणजे होकार आणि नकार दोन्ही माझ्याकडे शाबूत आहेत. कुणी प्रेमानं विचारलं, “काही हवंय का?” तर काय म्हणायचं, हे अजूनही मीच ठरवणार आहे.

आजसाठी दोन छोट्या गोष्टी.

एक : आज एक मदत मागा. छोटी चालेल, पण नेमकी सांगा. ‘बघ जमलं तर’ असं अर्धवट नको. माउलींनी जागा सांगितली होती, गळा, आणि कारण सांगितलं होतं, मुळी. आणि मदत मिळाल्यावर लगेच परतफेडीच्या मागे लागू नका. थोडा वेळ ऋणात राहून बघा.

दोन : तुमच्या घरात जी व्यक्ती कधीच काही मागत नाही, तिच्याजवळ आज बसा. हातात मुंग्या येतात का, मान दुखते का, एवढं विचारा. ती ‘काही नाही’ म्हणेल. तरी बसून राहा, आणि दुसऱ्यांदा विचारा.

माउली, या क्षेत्राची मशागत करण्याची बुद्धी दे. मान ताठ ठेवायची तिथे ताठ राहू दे, पण कुणी प्रेमानं हात पुढे केला तर तो धरण्याइतकं हलकं मन असू दे.

राम कृष्ण हरी.